गोविंदाभाऊचे उंच टायर

वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत माही खानावळ आहे. इंदुताईची खानावळ कुठं म्हणून विचारा, कोणताही ड्रायव्हर तुम्हाले आणून सोडन. इथं जेवणारी हजार माणसं पाहिली मी, पण गोविंदाभाऊसारखा हुशार अन् गोविंदाभाऊसारखा येडा दुसरा नाही पाहिला. दोन्ही एकाच टाळक्यात कसं मावते, देव जाणे.

गोविंदाभाऊ पहिले स्वतः ड्रायव्हर होता. गुडघा गेला, क्लच दाबता येईना, तेव्हा त्यानं जमवाजमव करून एक जुनी गाडी घेतली अन् चालवाले ठेवलं कवडूले. कवडू खापा गावचा. तरुणपणी दोघं एकाच ट्रकवर होते, एक झोपला की दुसरा चालवे. गोविंदाभाऊची बायको तुळसाबाई गेली तेव्हा नातेवाईक तेरवी आटपून आपापल्या घरी पांगले. कवडू मात्र महाल मोहल्ल्यातल्या याच्या भाड्याच्या खोलीत राहिला, याले रांधून जेवू घातलं, चार शब्द बोलता केलं. लेकरूबाळ नाही, भाऊबंद विचारत नाहीत. या माणसाले जगात एक कवडूच होता, हे मी लिहून देते.

गाडी बुटीबोरीहून सूत घेऊन इचलकरंजीले जाये. कवडू परतला की पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरे, मग दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. जेवण मागाहून, पहिले ॲव्हरेज. मीटर किती पळालं, डिझेल किती लागलं, गोविंदाभाऊ ओल्या बोटानं टेबलावरच भागाकार करे. मी ओरडे, "आत्ता पुसलं टेबल, काहून घाण करता गा?" त्याले ऐकूच येत नसे. कवडू माह्याकडे पाहून हसे. लोक पूजेले बसतात तसे ते दोघं त्या भागाकाराले बसत.

ॲव्हरेज मात्र काही केल्या वाढेना. गाडी मूळची खाणीतली. मागच्या धुऱ्यात दोन दातेरी चाकं असतात, क्राउन अन् पिनियन. खाणीच्या गाडीचे दाते जोरासाठी ठेवलेले, वेगासाठी नाही. भरली गाडी चढ आरामात चढे, पण सपाट हायवेवर इंजिन नुसतं बोंबले, गाडी पुढं सरके ना, अन् डिझेल मात्र ढोसत राहे. मिस्तरी म्हणे, क्राउनच बदला. गोविंदाभाऊचं डोकं दुसरीकडेच.

"टायर तसेही घासले आहेत," तो कवडूले म्हणाला. "आता उंच टायर टाकतो. मोठ्या चाकाची एक फेरी जास्त रस्ता कापते. तेवढ्याच रस्त्याले इंजिन कमी फिरन, डिझेल कमी पिन. क्राउन बदलल्यासारखंच झालं ना गा?"

"चढावर जोर कमी पडन."

"सुताच्या गाडीले चढ आहेत किती?"

"तुही गाडी, तुही मर्जी," कवडू म्हणाला अन् वरणात पोळी बुडवली.

टायर बदलले. पहिल्याच फेरीहून कवडू खूश होऊन आला. "इंजिनाचा आवाजच नाही राहिला. ॲव्हरेज वाढलं आहे, पाहून घे." गोविंदाभाऊनं भागाकार केला. कमी झालं होतं. पुसून परत केला. कमीच. पुढच्या फेरीलेही तेच, अन् त्याच्या पुढच्याही.

आता आमच्या लाइनीत ॲव्हरेज पडलं की मालक इंजिनाकडे नाही पाहत, ड्रायव्हरकडे पाहते. रस्त्यात पाइप लावून डिझेल काढणारे असतात, घेणारेही असतात, हे काय कोणाले माहीत नाही? पण कवडू? मी गोविंदाभाऊले म्हटलं, मिस्तऱ्याले दाखवा, काही बिघाड असन. तर म्हणे, "मीटर खोटं बोलत नाही इंदुताई. माणूस बोलते." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

मग एका दुपारी, खानावळ गच्च भरलेली, अन् यानं उचलली जीभ लावली टाळ्याले. "कवडू, डिझेल कुठं विकून राहिला गा तू?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. कवडूनं तोंडातला घास गिळला. "मी नाही विकत," म्हणाला. गोविंदाभाऊ म्हणे, "मग जाते कुठं?" कवडू उठला, हात धुतले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली अन् निघून गेला. त्याचा भात तसाच राहिला. मले इतका राग आला की मी गोविंदाभाऊले त्या दिवशी ताक नाही वाढलं.

नंतर अंकुश नावाचा ड्रायव्हर लागला. ॲव्हरेज तेच. त्यालेही चोर म्हटलं, तो चार शिव्या हासडून गेला. मग पुष्कर आला. तेच. हे नवे लोक टाकी भरत, किल्ली देत अन् आपल्या वाटेनं जात, त्याच्याजवळ बसाले कोणाले वेळ? गोविंदाभाऊ कोपऱ्यात एकटाच भागाकार करे, एकटाच जेवे, अन् ताट उचललं तरी उठत नसे. मी झाडू घेऊन उभी राहिली की म्हणे, "घरी जाऊन तरी करू काय, इंदुताई?"

शेवटी पुष्करले रंगेहाथ पकडाचं म्हणून तो स्वतःच गाडीत जाऊन बसला. एक डोळा मीटरवर, एक रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर. जराशानं त्याच्या ध्यानात आलं की मीटर आकडा बदलाच्या आधीच दगड येऊन राहिले आहेत. वर्धा येईपर्यंत दगड कुठल्या कुठं पुढं अन् मीटर मागं. बिचारं मीटर चाकाच्या फेऱ्याच मोजते. त्याच्या लेखी चाक अजून जुनंच, लहानच होतं. गाडी जास्त रस्ता कापत होती, मीटर कमी सांगत होतं. ॲव्हरेज खरंच वाढलं होतं, कवडू म्हणाला तसंच. मोठ्या चाकाची फेरी जास्त रस्ता कापते, हे ज्यानं दहा जणांले समजावलं, त्याच्याच डोक्यात मीटरची गोष्ट आली नाही.

तो वर्ध्यालेच उतरला अन् एसट्या बदलत बदलत खाप्याले गेला.

दुसऱ्या दिवशी इथं आला तेव्हा मी पोळ्या लाटत होती. "भेटला काय?" म्हटलं.

"भेटला. वांग्याची भाजी अन् भाकर खाऊ घातली त्यानं. मीटरचं सगळं ऐकून घेतलं. म्हणे, बरं झालं, समजलं तुले."

"मग? कधी येते?"

"नाही येत. मी हात धरला त्याचा. तर म्हणे, आता टाकी भरली की दर खेपेले मी पहिले तुह्या तोंडाकडे पाहीन, गोविंदा. मग तुह्यासमोर बसून घास कसा उतरन गा मले?"

मले त्याचा राग होता, आजही आहे, पण आपल्याच हातानं आपलं एकुलतं माणूस घालवून बसला होता तो, अन् आता त्याले सगळं समजत होतं. मी म्हटलं, बसा भाऊ, ताट वाढते.

तो बसला नाही. जेवाची वेळ होती, सगळे टेबल भरलेले. गुडघ्यावर हात दाबून सरळ उभा राहिला अन् मोठ्यानं म्हणाला, "ऐका गा सगळे जण. कवडूनं डिझेल विकलं नव्हतं. चूक माही होती. कवडू चोर नाही."

आमच्या लाइनीत माणसं टिकत नाहीत. कवडूवर आळ घेतला त्या दुपारी इथं जेवाले बसलेले कोणी रायपूरकडे गेले, कोणी दुसऱ्या मालकाकडे, कोणी गाडीच सोडली. आता बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं पोळीचा तुकडा मोडता मोडता बाजूवाल्याले विचारलं, "कोण कवडू?"