सावलीवर खडूची रेघ

शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढायचा, कुरकुरत्या गुडघ्यांवर उकिडवं बसायचं, सावली जिथं संपते तिथं जमिनीवर रेघ ओढायची आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून उजवीकडे-डावीकडे बघायचं. आमच्या शेजारचे काकाजी मला आठवतात ते असे. दहाला एक रेघ, बाराला दुसरी, तीनला तिसरी. काय चाललंय असं विचारलं की म्हणायचे, "काही नाही, असंच." दुसरं कोणी मात्र कशालाही 'असंच' म्हणालं, की त्यांची मान हलायची. "असंच काही होत नसते, मास्तर."

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. आमचं नागपूरच्या हुडकेश्वरमधलं घर आम्ही तयारच घेतलं, तेव्हा काकाजी सरकारी मोजणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा धरमपेठेत फ्लॅटमध्ये आणि हे इथं एकटेच. जन्मभर लोकांच्या बांधांवर उभं राहून भांडणं ऐकलेला माणूस. दोन्हीकडचे खोटंच बोलतात, हे त्यांनी नोकरीतच धरून ठेवलं होतं.

त्यांचं घर आमच्या उत्तरेला, मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी त्यांच्या बाजूला त्यांचा वाफा होता, जेमतेम अडीच फूट रुंद. सगळी बाग तेवढीच, आणि सगळी सावलीतली. पावसाळ्यात गुलमेंदी फुलायची, तिला पुण्याकडचे तेरडा म्हणतात. पुढे रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून त्यात जांभळ्या फुलांचा टोरेनिया आणि रंगीत पानांचा कोलियस. खडूची रेघ सरकली की बादल्याही वीतभर सरकायच्या. नागपूरच्या उन्हात असली नाजूक रोपं जगवायची म्हणजे गंमत नाही, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

नर्सरीत त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. पुन्हा गेलो नाही. नर्सरीवाल्यानं रोप सावलीत चालेल म्हणून सांगितलं, तर काकाजींनी विचारलं, कोणत्या सावलीत? कडुनिंबाच्या, भिंतीच्या की हिरव्या नेटच्या? तो बिचारा हसला. ह्यांनी कुंडी उलटी करून भोकातून मुळं बाहेर आलीत का ते तपासलं आणि रोप न घेता परत निघाले.

बियांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. गुलमेंदीची बोंडं पिकली की हात लागताच तडकतात आणि बी उडतं. म्हणून काकाजी बोंडांवर फडक्याच्या पुरचुंड्या बांधून ठेवायचे. माझ्या बायकोनं, वैशालीनं, एकदा चार बिया मागितल्या. "पाहू," म्हणाले. ते 'पाहू' आठ वर्षं चाललं.

आता माझ्या मनातलं सांगतो, त्याची मला लाज वाटते. एका सकाळी ते आमच्या फाटकातून आत येऊन आमच्या बाजूनं भिंतीवर खडूच्या खुणा करताना दिसले. विचारलं तर "असंच". मोजणीवाला माणूस शेजाऱ्याच्या भिंतीवर असंच खुणा करतो होय? लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, हद्दीवरून दोन घरांत बोलणं बंद होतंच. वैशालीला वाटलं, ते आपली जागा दाबायच्या बेतात आहेत. मलाही तेच वाटलं. त्यांना एका शब्दानं न विचारता मी सरकारी मोजणीसाठी अर्ज करून आलो.

मोजणीच्या दिवशी काकाजींनी मशीनच्या तिपाईला जागा व्हावी म्हणून बादल्या मुकाट बाजूला केल्या आणि आत गेले. दुपारपर्यंत निकाल लागला. घर बांधणाऱ्यानं आमची भिंत काकाजींच्या प्लॉटमध्ये सव्वा फूट आत घातली होती. जागा दाबून आम्हीच बसलो होतो.

संध्याकाळी मान खाली घालून त्यांच्याकडे गेलो. भिंत पाडून मागं घेतो म्हणालो. काकाजी वाफ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुमी इथं राहाले याच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं भिंत मागं गेली असती. तिच्यासंग सावली गेली असती. अन् भिंतीखालून मले काय भेटते? गिट्टी अन् सिमेंट. माती इथं आहे, मास्तर. बारा वर्षं लागले मले ते कराले."

मग त्या खुणा कशाच्या, हेही त्यांनी सांगितलं. मे संपता संपता सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो आणि वर्षभर सावलीत असलेली जागा ऐन जूनमध्ये भर दुपारी उन्हात येते. आमच्या घराची सावली भिंतीवर कुठवर चढते, यावरून ते तेच तपासत होते. मी शाळेत कोन शिकवतो, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

भिंत हलवणार नाही, असा मी शब्द दिला. पण शब्दावर राहिले तर ते काकाजी कसले! कागद पुढे केला. "लिहून द्या." स्वतःची सव्वा फूट जमीन परत मिळू नये म्हणून माझ्याकडून लिहून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सही त्यांनी दोनदा करायला लावली.

गेल्या मे महिन्यात मुलानं घर विकलं. गुडघ्यांनी काकाजींना पार जेरीस आणलं होतं. घेणाऱ्याला भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवून गाडी ठेवायची होती, म्हणजे वाफा जाणार हे ठरलेलंच होतं. आम्ही लग्नाला जाऊन दोन दिवसांनी परतलो, तर आमच्या बाजूला भिंतीवर पुन्हा खडूच्या रेघा. 'जून, बारा वाजता ऊन. नेट बांधणे.' इतकं होऊनही माझ्या मनात आधी आलं ते हेच, की आता म्हाताऱ्यानं काय नवीन काढलं? निघताना त्यांनी भिंत न हलवण्याची माझी ती चिठ्ठी मला परत दिली. मला बिया मागायचा धीर झाला नाही.

जूनच्या शेवटी वैशालीनं हाक मारली. आमच्या घराच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात गुलमेंदी उगवली होती. एका सरळ ओळीत, बरोबर एकेका वितीवर. खाली माती काळीभोर, भुसभुशीत. आमच्या बोळात अशी माती कधीच नव्हती, होती ती काकाजींच्या वाफ्यात. पलीकडे गट्टूंवर गाडी उभी होती.

मी फोन लावला. गुलमेंदी आली म्हणून सांगितलं.

"असंच आली असन," काकाजी म्हणाले.

"असंच काही होत नसते, काकाजी."

त्यावर त्यांनी विचारलं, "बाराले ऊन कुठवर येऊन राहिलं?"

पाहून सांगतो म्हणालो. वैशालीच्या शिलाईच्या डब्यातून खडू घेतला, बोळात गेलो, आणि उकिडवं बसण्याआधी उजवीकडे-डावीकडे बघून घेतलं.