अकरा नंबरची देवी

कासमभाई कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघत. माणसांची विचारपूस त्यानंतर. गळतं का, वाळवी आहे का, कोपऱ्यात किती हात जागा सुटेल, हे सगळं उभ्याउभ्याच. मी वसमतच्या घरात नवी सून होते. मला वाटलं, घर विकत घ्यायला कुणी आलंय.

ते गावातल्या अजबखान्याचे, म्हणजे जुन्या वस्तूंच्या संग्रहालयाचे राखणदार. वादळात त्याचे पत्रे उडाले, भिंत बसली, तेव्हा साहेबांनी सांगितलं, सामान आठ दिवस कुठंतरी ठेवा. त्या आठ दिवसांची वर्षं झाली होती. जुन्या मूर्ती, तलवारी, शिलालेख घेऊन कासमभाईंची बैलगाडी शाळेतून चावडीत, चावडीतून कापसाच्या गोदामात फिरत होती. चहासुद्धा ते उभ्यानेच घ्यायचे. म्हणायचे, "बसलं की वाटतं वयनी, तिकडं कायतरी भिजून राहिलं."

आमचं माळवद पक्कं, म्हणून काळ्या दगडाची एक देवी आमच्याकडे आली. पायाशी पांढऱ्या रंगात अकराचा आकडा. आणि इथे मी घोळ घातला. शुक्रवारी देवांना हळदकुंकू वाहताना सवयीने बोट तिच्याही कपाळाला लावलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि लगेच नारळ फोडला.

महिन्याभराने तपासणी होती. यादीतली प्रत्येक वस्तू समोर दिसली तर कचेरीमागची खोली अजबखान्याला कायमची मिळणार होती. कासमभाई गाडी घेऊन आले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"पुजलेली देवी घराभायेर काढत न्हाईत, भाई."

कासमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी पदर सारखा करत राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

यादीत एक वस्तू कमी भरली आणि खोली गेली. पुढच्या पावसाळ्याआधी कासमभाई नेहमीसारखे आमचं माळवद बघायला आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

निजामी गेली त्या वर्षी गावात कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. लेकीने त्यांना हैदराबादेला बोलावून घेतलं. उरलेलं सामान शाळेच्या अडगळीत लावून ते सकाळी निरोप घ्यायला आले. छत पाहिलं, आणि मग देवीसमोर चक्क खाली बसले.

"पूजा करा वयनी," ते म्हणाले, "पण नंबर पुसू नका. जागा झाली की कुणीतरी हुडकत येईल."

अजून कुणी आलेलं नाही. सासूबाई गेल्या. आम्ही घर बदललं, तेव्हा मी आधी छत पाहिलं. देवीला दर शुक्रवारी न्हाऊ घालते, आणि आकडा फिका झाला की काडीला चुना लावून तो पुन्हा गिरवते.