माझ्या धाकट्या जावेचे राजीनामे

उभ्या टेक्सासात माझ्या धाकट्या जावेइतक्या वेळा नोकरी सोडलेली आणि एकदाही न सोडलेली दुसरी बाई सापडणार नाही. टेक्सास केवढं मोठं आहे हे ज्यांनी ह्यूस्टनहून गाडीनं एल पासो गाठलंय त्यांना विचारा, म्हणजे मी किती जबाबदारीनं बोलतेय ते कळेल. तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ती हे वाचेल, तडक माझ्याकडे येईल आणि रागावण्याऐवजी पोट धरून हसेल, आणि ते मला अजिबात सोसवणार नाही. तिचं हे असंच आहे. मी मनात धरून बसावं अशा गोष्टीवर ती हसून मोकळी होते. मला तिचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. बहिणीचा हेवा केला तर मन खातं, मैत्रिणीचा केला तर मैत्री तुटते, पण जावेचा अगदी बिनधास्त करता येतो. त्यासाठीच तर घरात जाऊ असते.

आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही तेलाच्या कंपन्यांत इंजिनियर, आणि आमची घरं शुगर लँडमध्ये दोन सिग्नलांच्या अंतरावर. मी पुण्याची, ती कोल्हापूरची. दोघींनी भारतात बी.एड. केलेलं, दोघींची ग्रीन कार्डं मागेपुढे आली, आणि दोन हजार दोन साली दोघी एकाच मिडल स्कूलमध्ये समोरासमोरच्या वर्गांत शिकवायला लागलो. मी गणित, ती सायन्स. माझं दार बंद असायचं, तिचं सताड उघडं. तिच्या वर्गातून सतत काहीतरी फुटल्याचे, सांडल्याचे आणि "अरे बाळा, नो नो नो!" असे आवाज यायचे. सगळ्या मुलांना ती बाळाच म्हणायची, कारण नावं तिच्या लक्षात राहत नसत. मी पहिल्या आठवड्यात सगळी नावं उच्चारांसकट पाठ केली होती. तरी सहा फुटी, मिसरूड फुटलेली पोरं 'बाळा' म्हटलं की ओ द्यायची, आणि मी पूर्ण नावानं हाक मारली की आता आपलं काय चुकलं अशा चेहऱ्यानं बघायची.

शाळा सुटली की मी घरी यायची, आणि चारच्या सुमाराला ती माझ्या स्वयंपाकघरात अवतरायची. बेल नाही, काही नाही. गॅरेजच्या दारातून आत, एक चप्पल फ्रिजपाशी, दुसरी देव जाणे कुठे, गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र ओट्यावर फेकलेलं. "वहिनी, संपलं! आज शेवटचं. मी उद्यापासून जाणार नाही. सकाळी फोन करून सांगते, दुसरी बघा म्हणून." मग कारणं. कॉपी मशीन ऐन टेस्टच्या दिवशी बंद. कुणाच्या तरी आईची ईमेल, माझ्या मुलाला बी ग्रेड दिलीत तर त्याचं सेल्फ एस्टीम जातं म्हणून. लंच ड्यूटीला अंगावर उडालेलं चॉकलेट दूध. मायक्रोस्कोपला चिकटवलेलं च्युइंगगम. मीटिंगमध्ये आलेला कन्सल्टंट, ज्यानं उभ्या आयुष्यात सातवीच्या पोरांना शिकवलेलं नाही, आणि तो हिला सांगतो की मुलांशी 'कनेक्ट' व्हा! "मी त्याला म्हणाले, ये की मग सहाव्या तासाला, हो कनेक्ट!" हे सगळं सांगताना ती पोहे खायची, चहा प्यायची, रडायची, नाक पुसायची, परत पोहे घ्यायची. तासाभरानं उठून म्हणायची, "वहिनी, उद्या थोडं लिंबू जास्त पिळा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी शाळेत.

हे झाले रोजचे, किरकोळ राजीनामे. खरा, वार्षिक राजीनामा वसंतात यायचा, राज्याच्या परीक्षेचे वारे वाहायला लागले की. तेव्हा ती वर्गातल्या वस्तू वाटायला काढायची. दुसऱ्या कुणी नुसतं तोंडानं सांगितलं असतं, हिची रीत वेगळी. "आता मला काय करायचंय," म्हणत ती मासे, मॉडेलं, झाडं घरोघर पोचवून यायची, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडताना त्याच घरांच्या बेला वाजवत सगळं परत मागायची. एका काकूंनी उन्हाळाभर माशांना जीव लावला, त्यांची नावं ठेवली, आणि परत द्यायला साफ नकार दिला. शेवटी निम्मे मासे त्यांना, निम्मे शाळेला, असा तह झाला. आमच्या वाट्याला प्लॅस्टिकचा माणूसभर सापळा आला. तो पाहुण्यांच्या खोलीत उभा केला आणि आम्ही विसरून गेलो. नेमक्या सांगलीहून सासूबाई आल्या. पहिल्या रात्री किंचाळल्या, दुसऱ्या दिवशी रुळल्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "असा उघडा बरा दिसत नाही गं," आणि मामंजींचं जुनं उपरणं त्याच्या खांद्यावर घातलं. ऑगस्टमध्ये जाऊ तो उपरण्यासकट वर्गात घेऊन गेली. मुलांनी विचारलं हे काय, तर म्हणाली, "हे आमच्याकडचे आजोबा." ते वर्षभर आजोबाच राहिले. पोरं वर्गात येताना त्यांच्याशी शेकहँड करायची. उपरणं माझ्या घरातलं, खोली माझी, सासूबाईंची किंकाळी ऐकली मी, आणि कौतुक कुणाचं?

एका वर्षी आमच्या मराठी मंडळानं तिचं म्हणणं खरं धरलं. अध्यक्ष नवे होते, हौशी होते. त्यांनी कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला, श्रीखंड-पुरीचा बेत केला आणि रीतसर निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, गुच्छ, चार भाषणं. एका काकांनी तर 'त्यांचं उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो' असंही म्हणून टाकलं. तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती. ती घळाघळा रडली, सभागृहही रडलं. मी तिच्याइतकीच वर्षं शिकवत होते, माझ्या मुलांचे निकाल दरवर्षी तिच्या मुलांपेक्षा वर होते, आणि त्या समारंभात माझ्याकडे चहा सोपवला होता. मी चहा चांगला केला. ऑगस्टमध्ये ती शाळेत हजर झाली. पुढच्या मे महिन्यात अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, यंदा नक्की आहे ना? नाही म्हणजे, हॉल बुक करावा लागतो." शाल तिनं परत केली नाही. वर्गात एसी फार थंड असतो म्हणून ती पांघरून शिकवायची.

पण माझ्या जिव्हारी लागली ती वेगळीच गोष्ट. एकदा आम्ही दोघी दुकानात भाजी घेत होतो, तर मागून एक दांडगा मुलगा धावत आला, "मिस! मिस!" करत. हायस्कूलला गेला होता आता. तिच्यापुढे उभा राहून हा काय बोलतोय, किती बोलतोय! बायॉलॉजीत ए मिळाला, आई बरी आहे, आजोबा कसे आहेत? ती "अरे बाळा, अरे बाळा" करत त्याच्या दंडावर चापट्या मारतेय. नाव अर्थातच आठवत नव्हतं. मला आठवत होतं. तिच्याकडे होता त्याच वर्षी तो माझ्याही वर्गात होता, तिसऱ्या रांगेत, अपूर्णांकांत कच्चा. शाळेआधी बोलावून बोलावून मी त्याचे अपूर्णांक पक्के करून घेतले होते. जाताना त्यानं माझ्याकडे बघून नम्रपणे विचारलं, "आर यू हर सिस्टर?" मी येस म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गाडीत ती म्हणाली, "वहिनी, गप्प का?" मी म्हणाले, कोथिंबीर राहिली.

मी कधी तक्रार केली नाही. करायचीच नाही अशी माझी शिस्त. प्रिन्सिपल दर वर्षी माझ्याबद्दल एकच वाक्य बोलायच्या, "नेव्हर अ प्रॉब्लेम." आणि मागच्या वर्षी, दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि मला उतरताच येईना. दुखत काही नव्हतं, रडूही येत नव्हतं. हात स्टिअरिंगवर, बॅग शेजारी, आणि पाय हलेनात. बेल झाली तशी उतरले, शिकवलं, घरी आले, चारला पोहे केले, तिचं गाऱ्हाणं ऐकलं. माझं सांगितलं नाही. पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी तेच, आणि रोज चारला पोहे. मे महिन्यात जाऊन सांगितलं की ऑगस्टपासून येणार नाही. प्रिन्सिपल म्हणाल्या, "ओह. वुई विल मिस यू," आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. मंडळाला तर दिवाळीत कळलं. तोवर मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले होते. तिथं सगळे तोंड उघडतात, पण बोलत कुणी नाही. फार शांतता आहे.

जाऊ तेव्हा माझ्यावर भयंकर भडकली होती. "वहिनी, सोडायची तर मी सोडणार होते! तुम्ही कशा सोडता? आणि एका शब्दानं बोलला नाहीत?" मी म्हणाले, कंटाळा आला गं. ती त्या दिवशी पोहे न खाताच गेली.

आता यंदाची गोष्ट. मे उजाडला आणि मी पाहुण्यांच्या खोलीत आजोबांसाठी जागा करून ठेवली. आजोबा आले नाहीत. मासे कुणाकडे गेले नाहीत. ती चारला यायची, चपला दोन्ही दाराशी नीट काढायची, खुर्चीत बसायची. काय गं, कसा गेला दिवस? "ठीक आहे." परीक्षा झाली? "झाली." सगळी मंडळी खूश. माझे दीर म्हणाले, "वहिनी, शेवटी शहाणी झाली ती. आता घरात जरा शांतता आहे." पण ते 'ठीक आहे' माझं होतं. कितीतरी वर्षं वापरून वापरून गुळगुळीत केलेलं, माझ्या मालकीचं. ही बाई आता खरंच सोडणार.

आणि खोटं कशाला बोलू, एक दिवसभर मला बरं वाटलं. दवाखान्यात फोन घेताना मी मनाशी म्हणत होते, बरं झालं. आता भाजीच्या दुकानात आम्ही दोघी सारख्याच. संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं आंबट झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली, बसली, "ठीक आहे" म्हणाली, आणि मी गॅस बंद केला. म्हटलं, "ठीक बीक काही नाही. तुला मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगते." आणि पार्किंगचं सगळं सांगितलं. गाडी, बेल, न हलणारे पाय. सांगता सांगता मीच रडायला लागले. मी! कॉपी मशीनवरून सुद्धा रडले, त्या कन्सल्टंटवरून रडले, त्या मुलानं मला ओळखलं नाही त्यावरून तर हुंदके देऊन रडले. ती खाडकन उठली.

"आत्ता सांगताय? आत्ता? वर्ष झालं मी रोज त्या गाडीत तशीच बसतेय! मला वाटायचं, वहिनी कशा धीराच्या, त्यांना काही होतच नाही, मीच एक रडकी. केवढा हेवा वाटायचा मला तुमचा! आणि तुम्ही गेल्यापासून समोर बघितलं की कुणी नाही. तुमचं दार बंद असायचं, पण आत तुम्ही आहात हे माहीत असायचं. मी सोमवारी प्रिन्सिपलना सांगणार होते. खरं खरं. नीट. तुमच्यासारखं."

दाराशी नीट काढून ठेवलेली एक चप्पल तिनं पायानं उडवली. ती कुठे गेली ते बघितलंही नाही. मग ती बोलायला लागली, वर्षभराचं तुंबलेलं सगळं. प्रिन्सिपल, ईमेली, मीटिंगा. अंधार पडेपर्यंत बोलली. मी पोहे केले, ते संपले, परत केले. माझे मिस्टर घरी आले, दारातून आवाज ऐकून परत बाहेर गेले. शेवटी ती घसा बसलेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. सोमवारी काही सांगत नाही. ऑगस्टचं ऑगस्टला बघू." आजोबांना रविवारी घेऊन येते, म्हणाली.

ती निघताना मी पहिल्यांदाच विचारलं, "माझ्या वर्गात कोण आलंय गं?" वर्षभरात विचारायचं धाडस झालं नव्हतं. ती म्हणाली, एल पासोकडची एक बाई आहे, पन्नाशीची, नवरा गेल्यावर शिकवायला लागली. इथं तिचं कुणी नाही. दार बंद करून बसते, कुणाशी बोलत नाही. "मग तिला घेऊन ये की चारला," मी म्हणाले.

परवा ती बाई आली. पोहे तिनं आधी संशयानं बघितले, मग दोनदा घेतले. मग एकाएकी बोलायला लागली, माझ्या वर्गातल्या खिडक्यांबद्दल, माझ्या फळ्याबद्दल, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाबद्दल, ज्याला अपूर्णांक काही केल्या येत नाहीत. प्रत्येक वाक्यात "माय रूम, माय किड्स." जाऊ माझ्याकडे बघत होती. मला कसं वाटतंय ते तिला बरोबर कळत होतं. मी त्या बाईच्या ताटलीत आणखी पोहे वाढले आणि त्या मुलाला अपूर्णांक नेमके कुठे अडतात, ते विचारलं.