थंड साचा

सकाळपासून धुकं असं बसलं होतं की धुराड्याचा धूर वर चढायचं नाव घेईना, गल्लीतच लोळत होता. गलाईच्या दुकानात वहिनीने ओटा पुसला, सोनं वितळवायच्या मुशी मांडल्या. दीर आत भट्टीला हवा देत होता. दोघांत "आलात का" नाही की "आले" नाही.

नवरा गेला त्या दिवशीही या माणसाने भट्टी विझू दिली नव्हती. तेव्हापासून वहिनीचा अबोला. पण काम दोघांचं. तो मूस ओतणार, ती चिमट्यात साचा धरणार. अडलंच तर दोघं भट्टीशी बोलायचे.

काल जेवताना लेक म्हणाली, "आई, तुझं सोनं इथलं नव्हेच. दोन मेलेले तारे कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती फिरतात. दर फेरीला जरासे जवळ. मग आदळतात, आणि त्या दणक्यात सोनं, प्लॅटिनम, असलं जड काय काय तयार होऊन आभाळभर उधळतं."

"मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत म्हण की! आणि त्या दोघांचं काय होतं?"

"बहुतेकदा काळं विवर. उजेडसुद्धा सुटत नाही त्यातून."

तेव्हा तिने हसण्यावारी नेलं होतं.

"भट्टे, मूस झाली गं. सांग कुणाला, साचा सरळ धर म्हणावं," दीर म्हणाला.

तिने साचा पुढे केला. मूस कलू लागली. रसाच्या उजेडात साच्याच्या तळाशी काहीतरी चमकलं. दवाचे मणी. ओल्या साच्यात रस पडला की तो फुटतो, थेट डोळ्यांत उडतो. साचा शेकायचं काम नवऱ्याचं होतं.

मूस आणखी कलली.

"भावजी, थांबा! साचा ओला आहे!"

हात जागीच थिजला. रस मुशीच्या ओठाशी आला, थरथरला, मागे गेला.

"तुम्ही शेकला नव्हता, वहिनी?"

"मला वाटलं, तुम्ही शेकता."

"मला वाटलं, तुम्ही."

म्हणजे दादा गेल्यापासून कुणीच शेकत नव्हतं. कोरड्या हवेने निभावून नेलं, इतकंच. दिराने कपाळ पुसलं. धुकं उंबऱ्यावर येऊन बसलं होतं.

वहिनीने साचा भट्टीच्या तोंडाशी ठेवला. एक बाजू शेकली, मग चिमट्याने दुसरी फिरवली.