दारातली हाक

"कुणी उपाशी हाय का हो?"

दुपारी पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला की गिरणीचे मालक भुवयांवरचं पीठ झटकत दारात यायचे आणि रस्त्याकडे तोंड करून अशी हाक द्यायचे. मिरजगावच्या शाळेत बदली होऊन आलो तेव्हा मी त्यांच्या समोरच खोली घेतली होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, खानावळ आहे. जाऊन विचारलं, "ताट केवढ्याला?"

ते खो खो हसले. "बसा सर. ताट वाढलेलंच हाय."

बायको कधीच गेली होती. भाकरी-कालवण स्वतःच करायचे. आधी देवाला नैवेद्य, मग दारात हाक, मग घास. "घरधन्याचा धर्म हाय," म्हणायचे. "माझ्या बानं शिकवलं. दारातला जेवला की देव जेवला." तुम्ही म्हणाल, हायवेला एवढी हॉटेलं असताना कोण येणार? क्वचितच कुणी यायचं. एकदा मात्र एक ट्रकवाला क्लीनरसकट आला. टोपलं रिकामं झालं. यांनी गूळ-शेंगदाण्यावर भागवलं आणि दिवसभर खुशीत होते.

मुलालाही त्यांनी लहानपणी दारात उभं केलं होतं. तो बिचारा अशा बेतानं हाक द्यायचा की ती उंबऱ्याबाहेर जाऊ नये. शाळेतली पोरं त्याला 'उपाशी' म्हणून चिडवायची. पुढे तो चाकणला कंपनीत लागला आणि तिथलाच झाला.

एकदा ते "नातवाला शिकवून येतो" म्हणत मोठ्या हौसेनं चाकणला गेले. महिनाभर राहणार होते. आठवडाही झाला नाही, तोच परत.

"काय झालं?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर दार उघडलं, नातवाचा हात धरला आन् दिली हाक. तर शेजारची बाई पोळी-भाजी घेऊन धावत आली. तिला वाटलं, म्हाताऱ्यालाच कुनी जेवाया घालत न्हाई!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई मायेची. तिचं ताट परत कसं करायचं? घेतलं. पन सूनबाई रडली. पोरगा म्हनला, बाबा, लोकांत माझी काय अब्रू राहिली? त्याचंबी खरंच हाय."

त्यानंतर दुपारी पट्टा थांबायचा, ते दारात येऊन उभे राहायचे. हाक नाही. समोर बसून मला घास गोड लागेना. एका रविवारी जेवून उठलो आणि तसाच रस्ता ओलांडून गेलो.

"मी उपाशी आहे," म्हटलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "हाताला लोणच्याचा वास येतोय, सर." मग पाट मांडला. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "बानं दिलं ते माझ्यापाशीच ऱ्हायलं बघा. फुडं गेलंच न्हाई."

मी आणखी कालवण मागितलं.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. तेराव्याला मुलानं गल्लीला पोटभर जेवू घातलं, स्वतः वाढलं. सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यानं माझं ताट वाढलं, आपलं वाढलं, बसला आणि दाराकडे बघत राहिला. मग उठला. उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. एक टेम्पो गेला आणि रस्ता ओस पडला. मी हातात घास धरून थांबलो.



"धूळ फार येते इथं," तो म्हणाला. त्यानं दार लोटलं आणि मान खाली घालून जेवायला बसला.