रुखमाबाईचं हेल्मेट

आमच्या पांढरकवड्याकडच्या रुखमाबाईने आधी हेल्मेट विकत घेतलं. नागपुरात अनाथ मुलींच्या वसतिगृहासाठी बायांची दौड होती आणि पहिल्या येणारीला स्कूटी मिळणार होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण तिला सांगणार कोण? बावन्न वर्षांची बाई, रोज सहा किलोमीटर चालत शेतात निंदायला जाते. शेजाऱ्याची गाडी शिकताना दोनदा उकिरड्यात पडली, तरी स्कूटीचं वेड गेलं नाही.

निंदणाच्या आमच्या टोळीची ती म्होरकी. शेतात प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ येते, तिला पात म्हणतात. आपली पात संपली की मागे पडलेलीच्या पातीला हात लावायचा आणि सगळ्यांनी मिळून बांधावर निघायचं. हे तिनेच आम्हाला शिकवलं, तेही शिव्या देऊन.

दौडीत आम्ही चौघी होतो. रुखमाबाईने पदर खोचला आणि अशी सुटली की महागड्या बुटांच्या शहरी पोरी मागेच राहिल्या. फीत दहा पावलांवर आली. तिने सवयीने मागे वळून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि उलटी पळत सुटली.

"कुठं चालली तू?" मी विचारलं.

"विमलची पात राह्यली ना."

मग आम्हीही वळलो. पोरींना वाटलं रस्ता बदलला, त्याही वळल्या. माइकवरचा माणूस "ताई, फीत इकडे आहे" म्हणून घसा फोडत राहिला. पाचशे बाया उलट्या धावत होत्या आणि त्यांच्यापुढे अँब्युलन्स रिव्हर्स घेत होती.

विमलताई आमच्यात सगळ्यात मोठी. ती दुभाजकावर बसून फुकटचं केळं खात होती.

"काहून परत आल्या? मले काई झालं नाही."

"ऊठ," रुखमाबाई म्हणाली.

मागे राहिलेलीला पुढे घालायचं, हीसुद्धा शेतातलीच रीत. पाचशे जणींनी विमलताईला पुढे घातलं, तेव्हा फीत तिच्याच छातीला लागली आणि चावीही तिलाच मिळाली. रुखमाबाईचं तोंड मला बघवेना. परतताना हिंगणघाटपर्यंत ती मांडीवरचं हेल्मेट पदराने पुसत होती.

पण विमलताईला साधी सायकलही येत नाही. आता रोज सकाळी हेल्मेट घालून रुखमाबाई स्कूटी चालवते आणि विमलताई मागे बसते. उतार आला की रुखमाबाई मुद्दाम जोरात सोडते, आणि मागून रोज तेच ऐकू येतं.

"हळू घे वं, गाडी माही आहे."