पेंडीत पडलेला मोबाईल आणि अक्काला आलेला फोन

हे सदर मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणी येऊन बसलं... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. घरात रोजची लिंगपूजा आहे, पण करणी, बाधा, झपाटणं यातलं काहीच आमच्यात कधी कुणी मानलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तर असलं काही सांगणाऱ्याला दुकानाच्या पायरीवरूनच वाटेला लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं. पदरचं काही घालत नाही.

आमचं गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. पुढं पशुखाद्याचं दुकान, मागं घर, परसात दोन म्हशी. साल दोन हजार चार. थंडीचे दिवस होते, सकाळी म्हशींच्या अंगातून वाफ निघत होती. गावाजवळ टॉवर उभा राहून थोडेच महिने झाले होते. घरात मिळून एकच मोबाईल, आणि तो अण्णांच्या शर्टाच्या वरच्या खिशात. करडा, बटणांचा, जाडजूड. अण्णा मोबाईलवर बोलायला लागले की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पलीकडचा माणूस लांब आहे, म्हणजे मोठ्यानंच बोलायला पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

माझी थोरली बहीण महानंदा, तिला मी अक्का म्हणतो. ती पाटोद्याला दिलेली. दाजींचं तिथं कापडाचं दुकान आहे. त्या वर्षी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यामुळे अक्काला माहेरी यायलाच जमलं नव्हतं. दिवाळीलाही नाही. अण्णा बोलून दाखवायचे नाहीत. पण संध्याकाळी दुकान बंद करताना पाटोद्याला फोन लावायचे आणि "काय चाललंय, बरं हाय ना?" एवढंच विचारून ठेवून द्यायचे.

त्या दिवशी सकाळी अण्णा म्हशींना पेंड कालवत होते. सरकीची पेंड रात्रीच बादलीत भिजत घातलेली असते, सकाळी हातानं फोडून त्यात भुसा मिसळायचा. ते वाकले आणि खिशातला मोबाईल थेट बादलीत.

"शिवा! आरं मोबाईल गेला की पेंडीत!"

मी पळत गेलो. कोपरापर्यंत हात घालून चाचपडलं तेव्हा हाताला लागला. स्क्रीनवर उजेड होता, पण वेडावाकडा, आणि माझ्या हातातच तो विझला. मी आधी बॅटरी काढली, मग सिम. सेट फडक्यानं पुसला, उलटा धरून झटकला. फटीफटीतून पिवळसर पाणी येत होतं, त्यात सरकीचं टरफल.

"चुलीपाशी ठिव, वाळंल," आई म्हणाली.

"चुलीपाशी नको गं, वितळंल. उन्हात ठेवतो."

अण्णा स्वतः त्यात तोंडानं फुंकर मारत बसले. लहान पोराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर मारतात तशी. थोड्या वेळानं म्हणाले, "हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. तू बीडला जा. सरकीचा सीझन हाय, व्यापाऱ्यांचे फोन येत्यात."

मी सेट एका रुमालात गुंडाळला, बॅटरी पँटच्या खिशात टाकली. सिम कागदाच्या पुडीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं. हे मी मुद्दाम सांगतोय. सेट, बॅटरी, सिम... तिन्ही वेगवेगळे आणि तिन्ही माझ्या अंगावर. निघताना अण्णा दुकान झाडत होते. मान वर न करता म्हणाले, "जेवून घे तिकडंच."

बीडला स्टँडच्या मागच्या बाजूला सलीमभाईचं रिपेअरिंगचं दुकान होतं. कॉलेजच्या दिवसांपासूनची ओळख.

"कावून आंघोळ घातली बे याला?" त्यानं सेट उघडून नाकाशी धरला. "आन् हा वास कसला?"

"सरकीची पेंड."

"आजवर चहातले आले, हौदातले आले, संडासातले पण आले. पेंडीतला पहिलाच." तो हसला. मग भिंगातून बघून म्हणाला, "बोर्डावर पांढरं धरायला लागलंय. टाईम लागंल. झाला तर झाला, गॅरंटी न्हाई."

त्यानं बोर्ड सुटा केला, थिनरमध्ये ब्रश बुडवून घासला, ब्लोअरची गरम हवा दिली, पुन्हा घासला. मध्ये दुसरी गिऱ्हाइकं. मी बाहेर जाऊन जेवलो, परत येऊन स्टुलावर बसलो. बॅटरीही त्यानं कोरडी करून वेगळ्या चार्जरला लावली. दुपार उतरायला लागली तेव्हा त्यानं सगळं जोडलं, माझ्याकडून सिम मागून घेतलं आणि बटण दाबून धरलं. स्क्रीन उजळली. नेटवर्कच्या कांड्या एकेक करून वर चढल्या.

"बघ! आला का न्हाई माघारी?"

मी सेट हातात घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. आमच्या शेजारचे किराणावाले नागनाथकाका, त्यांच्या दुकानातल्या लँडलाईनवरून.

"शिवा, कुठं हायस? किती वेळचा लावायलोय... आरं, अण्णा गेले. झोपल्या जागी गेले. तू निघ."

मी "हं" म्हणालो. फोन कट केला.

"कुणाचा होता? आवाज नीट येतोय का?" सलीमभाईनं विचारलं.

"एकदम क्लिअर येतोय," मी म्हणालो.

खरंच असंच म्हणालो मी. सलीमभाईनं बटणं नीट दाबून बघायला सांगितली, तीही एकेक दाबून बघितली. मग स्टँडवर जाऊन गाडीत बसलो. तेलगावपर्यंत खिडकीतून काय दिसलं, कंडक्टरशी काय बोललो, काही सांगता येणार नाही. कान गच्च बसल्यावर जसं होतं, तसं सगळं लांबून चाललं होतं.

घरी पोचलो तर ओसरीवर माणसं बसलेली. आत अण्णांना बसवून ठेवलं होतं, कपाळाला विभूती. आम्हा लिंगायतांत झोपवत नाहीत. आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, अक्का बसली होती.

मला आधी काहीच वाटलं नाही. बहीण आहे, आली. मग डोक्यात आलं की पाटोदा ते दिंद्रुड म्हणजे आधी बीड, तिथं गाडी बदलायची, मग इकडं. मला फोन आला त्यानंतर निघाली असती तर ती इतक्या लवकर इथं असूच शकत नव्हती.

"तू कधी आलीस?"

"दुपारीच. जेवायच्या टायमाला." तिचा आवाज बसलेला होता. "अण्णांनीच बोलावलं ना सकाळी. फोन करून."

पुढचं मी आई आणि अक्का दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आणि ते जुळतं.

सकाळी मुलीची शाळेची तयारी चालली होती. दाजी आंघोळीला गेलेले, त्यांचा मोबाईल फडताळावर. तो वाजला. अक्कानं बघितलं तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत "अण्णा". तिनं उचलला. पलीकडून एवढंच — "मोबाईल पेंडीच्या पाण्यात पडलाय. आता फोन लागायचा न्हाई. तू आजच निघ." आणि कट.

अक्काला वाटलं आईला काही झालं. दाजी बाहेर आल्यावर त्यांनी लगेच उलटा फोन लावला. स्विच ऑफ. दोनतीनदा लावला, तेच. मोबाईल पाण्यात पडलाय म्हटल्यावर बंद लागणारच, म्हणून त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मोबाईल पडलाय तर मग फोन केला कशावरून, हे त्या घाईत दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दाजी म्हणाले, "तू हो पुढं, मी मुलीला आन् आईला बघतो." ती निघाली.

मुलीच्या शाळेच्या वेळेवरून मी अंदाज बांधलाय. अक्काला फोन आला तेव्हा मी गाडीत होतो. तेलगाव मागं पडलं होतं, वडवणी यायची होती. सेट मांडीवर रुमालात, सिम खिशात, बटण लावलेलं.

अक्का दारात उभी राहिली तेव्हा अण्णा गल्ल्यावर बसले होते. ठणठणीत. तिला बघून उठलेच.

"आगं! तू कशी काय?"

"तुमीच तर फोन केलता, आजच निघ म्हणून."

"मी?" अण्णा आईकडं बघायला लागले. "मी कुठं फोन केला गं? फोन तर पेंडीत पडला, शिवानं बीडला नेलाय."

"तेच सांगितलं की तुमी फोनवर! पेंडीत पडलाय म्हणून."

आई म्हणते, अण्णा सकाळपासून दुकान सोडून कुठंही गेले नव्हते. नागनाथकाकांच्या लँडलाईनवरूनही फोन केला नव्हता, आणि तिथून केला असता तर नाव दिसलं नसतं. मग अण्णाच हसले. म्हणाले, "मोबाईलचं काय सांगावं बाबा. आली ना, ते लई झालं. चल, भाकरी खाऊ." दोघं एका ताटाशी बसले. भरीत होतं. अण्णांनी जास्तीची भाकरी मागून घेतली. सासूबाईंचं विचारलं, नातीचं विचारलं. एरवी फोनवर दोन वाक्यं बोलणारा माणूस हात वाळेपर्यंत बोलत बसला, असं आई सांगते. मग म्हणाले, "जरा पडतो." चहाला उठवायला अक्काच गेली. हात गार लागला. गावातल्या डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं.

सकाळी शेतात समाधी दिली. मठाच्या स्वामींनी सांगितलं तसं मी सगळं केलं, बेल वाहिला, माती लोटली. रडू आलं नाही. लोकांना वाटलं, पोरगं खंबीर आहे. तसं काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

दाजी त्याच पहाटे पाटोद्याहून आले होते. शेतातून परत आल्यावर मी त्यांच्याकडून मोबाईल मागून घेतला. आलेल्या कॉलमध्ये खाली, आदल्या दिवशीच्या सकाळी, अण्णांचं नाव होतं. मी स्वतः बघितलं, दाजींनी बघितलं. आमच्या सेटमध्ये केलेले कॉल तपासले, त्यात पाटोद्याचा शेवटचा कॉल त्याच्या आदल्या संध्याकाळचा. त्या काळच्या सेटमध्ये ठरावीकच नंबर राहायचे. नवा आला की जुना खालून पुसला जायचा. दिवसभर दाजींना नातेवाइकांचे फोन येत राहिले. कधी झालं, कसं झालं, मातीला येता आलं नाही... संध्याकाळी मी पुन्हा बघायला गेलो तर अण्णांचं नाव निघून गेलेलं.

मी पुष्कळ डोकं चालवलं. नेटवर्कमध्ये अडकलेला जुना कॉल? पण मग पेंडीचं कसं कळलं? कुणी चेष्टा केली? ती सकाळची गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊकच नव्हती, आणि नंबर तर आमचाच. बॅटरीशिवाय सेट आणि सेटशिवाय सिम, यातून कॉल जात नाही. हे मी परीक्षेत लिहून पास झालेलो आहे.

बरीच वर्षं अक्का आणि मी यावर बोललो नाही. मागच्या वर्षी अक्का आली होती, तेव्हा मी विचारलं, "आवाज अण्णांचाच होता का गं?"

"नाव बघितलं म्हणून मी अण्णाच समजले," ती म्हणाली. "अण्णा फोनवर किती वरडायचे, कान दुखायचा. ते लई हळू बोललं. जवळ बसून बोलल्यावानी. आन् मागं कायच आवाज नव्हता, शिवा. दुकान न्हाई, गिऱ्हाईक न्हाई, म्हशी न्हाईत. कायच न्हाई."

"मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला अण्णांसंगं जेवायला मिळालं. अजून काय पायजे?"

तिला नको आहे उत्तर. मला हवं आहे आणि ते माझ्याकडे नाही. जे कुणी होतं त्याला मोबाईल पडल्याचं ठाऊक होतं, आज काय होणार हेही ठाऊक होतं. त्यानं अक्काला बोलावलं, मला नाही. मी तेव्हा वडवणीच्या अलीकडं होतो. तिथून परत फिरता आलं असतं.